धोंडूच्या जागी

मी त्या शाळेत गेले होते ती निलगिरीच्या तेलाच्या बाटल्या पोचवायला. एवढंच काम होतं. सत्तावन्न सालचा मे संपत आला होता, फ्लूची साथ मुंबईत शिरली होती आणि परळला मी डॉक्टर होते त्या रुग्णालयात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून डिलाईल रोडवरची एक शाळा सुट्टीपुरती ताब्यात घेऊन तिथं खाटा टाकल्या होत्या. बाटल्या देऊन मी परत फिरणार, तोच तिथले डॉक्टर शामराव भिंत धरून खाली बसले. हात लावला तर अंग तव्यासारखं. मी फोन केला तेव्हा वरचे साहेब म्हणाले, "तुम्ही तासभर बसा, मी बदली पाठवतो." तो तास अजून संपायचा आहे असं मी माझ्या निरोपाच्या समारंभात म्हटलं, तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नव्हतं.

दिवा हवा तर जवळ ओढून घे. पण आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे आणि त्याचाच मला जास्त राग आहे. रात्री काही दिसलं तर झोपेला दोष देता येतो.

शाळा एका गिरणीच्या भिंतीला खेटून होती. आवाराच्या भिंतीवर डांबरानं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलेलं. आदल्या वर्षी गोळीबार झाला तेव्हा मी जखमींच्या खाटांवर काम केलं होतं. तेव्हा निदान जखम दिसायची, कुठं हात धरायचा ते कळायचं. हा ताप कुठून यायचा आणि धडधाकट माणसाला दोन दिवसांत कुठं घेऊन जायचा ते कळत नव्हतं. वर्गावर्गातून खाटा, व्हरांड्यात बाकांची चळत, फळ्यावर कुठल्यातरी मास्तरांनी सुट्टीआधी लिहिलेलं त्रैराशिक. फिनेल, निलगिरी आणि घाम यांचा एक दमट वास सगळीकडं बसलेला. आणि भिंतीपलीकडून साच्यांची, म्हणजे कापड विणायच्या मागांची, खडखड. ती इतकी अखंड असायची की कान तिला विसरून जात. पाळी बदलताना भोंगा व्हायचा, खडखड क्षणभर मंदावायची, आणि मग वॉर्डातला एकेक श्वास वेगळा ऐकू यायचा. मला तेवढा वेळ आवडत नसे.

मदतीला मीराबाई होती, आमच्याकडची जुनी आया. सहा-एक महिन्यांपूर्वीच तिनं आणि तिच्या नवऱ्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, घरातले देव बाहेर काढले होते. अंगारा-धुपारा, भूतखेत यांचं नाव काढलं की ती चिडायची. गळ्यात ताईत घातलेला रोगी आला की ती म्हणे, "ते काढ आधी, मग इंजेक्शन घे." मला ती बाई फार आवडायची. पण तिला घर होतं, पोरं होती. संध्याकाळी ती जायची आणि मग मी एकटी.

एकटी म्हणजे खरोखरीच एकटी. ठाकूरद्वारला भावाकडं राहत होते मी. एकदा अंघोळीला म्हणून गेले तर वहिनीनं ताट दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी घातली. तिची मुलं लहान होती, तिचं काही चुकलं नाही. पण जिन्यात बसून जेवताना मला रडू आलं, ते काही वहिनीनं पाहिलं नाही. त्यानंतर मी शाळेतच राहिले, दोन बाकं जोडून त्यावर झोपायची. तोंडावर सदा पट्टी बांधलेली. कित्येक दिवसांत माझं उघडं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते दौलतनं.

दौलत हा साच्यावरचा कामगार, मालवणकडचा, चाळिशीतला. चार गाववाल्यांनी त्याला उचलून आणला. मी विचारलं, ताप कधीपासून? तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं हात उचलून स्वतःच्या हनुवटीपाशी बोट नेलं आणि खाली ओढल्यासारखं केलं.

"बाय, ती पट्टी वायच खाली घ्या. तोंड दिसल्याशिवाय माका आयकाक येणा नाय."

साच्यांच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा, आणि इतकं बिनचूक की आपण कुजबुजलो तरी त्याला पोचे. मी पट्टी खाली केली. तो माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "तुमीच दमल्यात. वायच निजा." रोग्यानं डॉक्टरला असं सांगायचं नसतं. पण त्या सबंध साथीत मला हे म्हणणारा तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत गेला. फुफ्फुसं भरली होती. डोळे मीच मिटले.

आणि त्याच दुपारी त्याचा धाकटा भाऊ धोंडू त्याच अवस्थेत आला.

त्याच्यासोबत कमळाबाई होती. दोघा भावांचं जेवण हिच्या खानावळीत. तिनं मला बाजूला घेतलं. "बाय, दौलत गेलो ता ह्येका सांगू नका. ह्यो जीव सोडीत." हे नेहमीचंच. आजाऱ्याला मयताची बातमी द्यायची नाही, हे आपल्या सगळ्यांच्या घरी पाळतात. मी मान डोलावली. मग तिनं दोघांची हकिकत सांगितली. वीस-बावीस गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत दोघं राहत. एक पाळीला गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा पडायचा. दौलत जन्मभर बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नसला तर घरी परत. एकदाच त्याला कायमची जागा मिळायची वेळ आली, तेव्हा त्यानं ती जॉबरला, म्हणजे कामावर माणसं घेणाऱ्या मुकादमाला, सांगून धाकट्या भावाला दिली. धोंडूचं लग्न ठरलं होतं म्हणून. स्वतः बिनलग्नाचा राहिला, आणि पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

धोंडूची बायको मालन गावाहून शेवटच्या बोटीनं आली. ती बोट चुकली असती तर पावसाळा संपेपर्यंत दुसरी नव्हती. जेमतेम विशीची पोर, हातात गाठोडं, भाऊच्या धक्क्यावरून तडक शाळेत. वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती, पण मी तिला अडवू शकले नाही. तोंडाला पदर बांधून बस म्हटलं. ती नवऱ्याच्या पायाशी बसली ती तिथंच. एकदाच मला म्हणाली, "बाय, ह्येंका घेऊनच मी परत जातलंय." मागितलं म्हणशील तर तिनं एवढंच मागितलं.

धोंडू बडबडत होता. तापात माणसाला ज्याची काळजी असते तेच बाहेर येतं. त्याला साचा दिसत होता. आपण पडून राहिलो, जागेवर कुणाला उभं केलं नाही, तर जागा जाईल, ही त्याची धास्ती. गिरणीत रीतच होती तशी: सुट्टीवर जाणाऱ्यानं आपला बदली आपण नाव घेऊन सांगायचा.

"दादाक सांग..." तो म्हणायचा. "माझ्या जाग्यार दादा उभो रवात... दादाक सांग गो..."

मालनला ठाऊक होतं, दादाला सोनापूरच्या स्मशानात नेऊन चार दिवस झाले होते. ती मुकाट्यानं त्याचे पाय चोळायची. पण त्या दिवशी दुपारी त्याचा श्वास वरच्या वर चालायला लागला आणि तो उठून बसायला धडपडू लागला. तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. मी पलीकडच्या खाटेशी होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"सांगलंय. भावोजी येतले. तुमच्या जाग्यार ते उभे रवतले. तुमी आता निजा."

तो निजला. मालन पाणी आणायला खाली नळावर गेली. मीराबाई व्हरांड्यात सुया उकळत होती. मी खिडकीपाशी सलाइनची बाटली उजेडात धरून बघत होते. तेवढ्यात भोंगा झाला.

खडखड मंदावली. रोजच्यासारखे श्वास ऐकू येऊ लागले. पण त्या दिवशी त्यात एक वास मिसळला. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, आणि यंत्राच्या तेलाचा. मला वाटलं वारा फिरला असेल. मी वळले.

धोंडूच्या खाटेच्या उशाशी एक माणूस उभा होता. खाकी अर्धी विजार, बनियन, केसांवर कापसाची भुरी, तोंडाला फडकं बांधलेलं. कुणी गाववाला पाळी सुटल्यावर तसाच घुसला असणार. मला राग आला.

"इथं यायची बंदी आहे. चला, बाहेर व्हा."

त्यानं ऐकलं नाही. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोळ्यांकडं नव्हे, पट्टीकडं. आणि हात उचलून, स्वतःच्या हनुवटीपाशी बोट नेऊन, खाली ओढल्यासारखं केलं.

भीती वाटली म्हणजे काय झालं ते तुला सांगते: मी निमूटपणे पट्टी खाली केली. एका रोग्यानं सांगावं आणि डॉक्टरनं करावं तशी. पण बोलायला शब्द येईनात. माझे ओठ हलले असतील, पण काय म्हणाले ते मला माहीत नाही. त्याला ते कळलं असावं. त्यानं मान हलवली, आणि खाली वाकून धोंडूच्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

मग खाटेजवळ दोघं उभे होते.

खाटेवर धोंडू होताच. आणि तरीही उभे दोघं. दुसऱ्याचा चेहरा धोंडूचाच, अंगात आमच्या वॉर्डाचा पांढरा सदरा, पाठीवर घामानं भिजलेला. तो गोंधळल्यासारखा एकदा खाटेकडं, एकदा दाराकडं बघत होता. मग तो दाराकडं चालू लागला, हळूहळू, जसा पाळी सुटलेला माणूस चालतो. माझ्या इतक्या जवळून गेला की मी अंग चोरलं. मीराबाईच्या पाठीमागून व्हरांड्यात गेला आणि जिना उतरला. पलीकडं साचे पुन्हा जोरात सुरू झाले.

मी धावत खाटेशी गेले. उशाशी आता कुणी नव्हतं, खाटेवर एकटा धोंडू. श्वास संथ, कपाळ गार. नाडी धरली तर मगाशी हाताला न लागणारी नाडी ठणठणीत चालत होती.

मीराबाई दारात येऊन उभी होती. "बाई... आत्ता माझ्या मागून कोण गेलं?"

"तू पाहिलंस?"

"नाही पाहिलं. पाठीला गार लागलं." मी तिला जे दिसलं ते सांगितलं. तिचा नवराही साच्यावरच. ती हळूच म्हणाली, "गिरणीच्या खात्यात आवाजानं बोलता येत नाही, बाई. बदलीवाला येतो आणि खांद्याला बोटं लावतो. मग पहिला बाजूला होतो... मी असलं काही मानत नाही. तुम्हीपण मानू नका."

आम्ही दोघींनी न मानायचं ठरवलं. कुणाला बोलायचं नाही, असंही ठरवलं.

धोंडू दोन दिवसांत उठून बसला. सगळ्या वॉर्डात आनंद झाला, कारण त्या आठवड्यात आमच्याकडून उठून घरी गेलेली माणसं फार नव्हती. फक्त त्याचे कान गेले होते. फ्लूनंतर कान फुटतात, बहिरेपण येतं, त्यात नवल नाही. मालनला मी तसंच समजावलं. नवल एवढंच होतं की ओठांवरून बोलणं ओळखायला माणसाला वर्षं लागतात, आणि हा मात्र वर्गाच्या दुसऱ्या टोकाला मी पाणी प्यायला पट्टी खाली करून मीराबाईशी जे कुजबुजले त्याला उत्तर देत होता. तपासायला गेले की तो बोट हनुवटीशी न्यायचा. मी पट्टी खाली करायची आणि त्याच्याकडं बघणं टाळायची. त्याला घरी सोडलं त्या दिवशी, देवाशपथ सांगते, मला हलकं वाटलं.

मग पाऊस आला, साथ आणखी भडकली, शाळेचे वर्ग भरले आणि रिकामे झाले. माझी बदली काही आली नाही. साथ ओसरली तेव्हा मी परळला परत गेले. गणपती होऊन गेले आणि कोकणच्या बोटी सुरू झाल्या. आणि एका सकाळी बाह्यरुग्ण विभागात मालन माझ्यासमोर येऊन बसली. निम्मी झाली होती.

"काय गं, नवरा बरा आहे ना?"

"कामार जाता. जॉबर म्हणता, धा वर्सां जुनो कामगार असल्यासारखो साचो चालवता." मग तिनं दाराकडं पाहिलं. मी दार लावून घेतलं.

"बाय, माका तो नावान हाक मारीत नाय. मी खोलीत गेलंय की भायर जाता. कमळाबायेन आमका आडोसो करून दिल्यान, तर तो गॅलरीत निजता."

"चाळीत पुरुष गॅलरीतच झोपतात. तुला माहीत आहे ते."

"निजू दे. पण मी गॅलरीत गेलंय तर तो उठान जिन्याखाली जाता. तोंड फिरवता. माझो पदर खाली इलो तर खाकरता." तिनं मान खाली घातली. "थोरले भावोजी माझ्याशी असे वागत. धाकट्या भावाच्या बायलेकडे थोरल्यान बघू नये, म्हणान. माणूस वायट नाय, बाय. माझी सगळी काळजी घेता. पण तो माझो घोव नाय, माझो नवरो नाय."

मी तिला आजारानंतरच्या अशक्तपणाबद्दल, मेंदूवर होणाऱ्या तापाच्या परिणामाबद्दल बरंच काही सांगितलं. मला स्वतःलाच माझा आवाज खोटा वाटत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"उद्याच्या बोटीन तो माका गावाक पोचवूक येता. मी जावचा काय नाय ता तुमी सांगा. तुमी शिकलेल्या. एक डाव माझ्यावांगडा गिरणीर चला. थंय रोज सकाळी माझो घोव उभो रवता."

"काय बोलतेस?"

"बदलीवाल्यांच्यात. पांढऱ्या सदऱ्यात. तेचा नाव कोण घेणा नाय..." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या दवाखान्याचो सदरो, बाय."

त्या सदऱ्याचं मी फक्त मीराबाईला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. लखलखीत ऊन पडलं होतं. गिरणीच्या दारात शंभरएक बदली कामगार, हातात डबे, खांद्यावर टॉवेल. मालन भिंतीपासून थोडी अलीकडं उभी होती, डोक्यावर गाठोडं. तिथूनच ती धक्क्यावर जाणार होती, धोंडू पुढं गेला होता. जॉबर एकेक नाव पुकारत होता, एकेक माणूस आत जात होता. मालन जिकडं बघत होती तिकडं मी बघितलं. भिंतीलगत मोकळी जागा होती. पांढरा सदरा नव्हता, माणूस नव्हता, काही नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या. हिला सांगायचं: पोरी, तिथं कुणी नाही, नवऱ्याबरोबर जा, सुखानं संसार कर.

दार बंद झालं. ज्यांची नावं पुकारली गेली नाहीत ते परतायला लागले. भिंतीलगतचा रस्ता सरळ आणि मोकळा होता, सगळे तिथूनच निघाले. आणि त्या एका जागेपाशी आला की प्रत्येक जण खांदा वळवून जरा बाजूनं जायचा. कुणी तिकडं बघत नव्हतं. विड्या पेटवत, बोलत, जांभया देत चालले होते. गर्दीत वाटेवर कुणी उभा असला की आपण न बघता जसे वळसा घालतो, तसे. एक म्हातारा बोलता बोलता अडखळला आणि मान वर न करता म्हणाला, "सरक रे जरा." आणि पुढं गेला.

रस्ता रिकामा झाला. मालन माझ्याजवळ आली नाही. लांबूनच तिनं विचारलं, "बाय, बोटीत बसू?"

मला तिला सांगायचंच होतं. तोंडात शब्द तयार होते. मी तिच्याकडं चालू लागले, सरळ, भिंतीच्या कडेनं, मुद्दाम त्याच जागेवरून जायचं ठरवून. माझे पाय त्या जागेपाशी आले, आणि मी अंग चोरून बाजूनं गेले.

मालननं ते पाहिलं. तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवून खाली ठेवलं.